जावयाचा कडता

माणसं प्रवासाला निघताना डबा घेतात, पाण्याची बाटली घेतात, फार तर छत्री घेतात. आम्ही वजनकाटा घेतला.

त्याचं असं झालं, की मला हर्निया निघाला. डॉक्टरांनी पोटावर दोन बोटं आपटली आणि सांगितलं, "ऑपरेशन साधं आहे, पण एवढ्या चरबीतून वाट काढत जायची माझी तयारी नाही. नव्वदावरून पंच्याऐंशीवर या, मग टेबलावर घेतो." त्यांनी महिनाअखेरची तारीख दिली. तोवर पोटाला पट्टा, जड उचलायचं नाही, जोरात शिंकायचं नाही. आतडं मध्येच अडकलं तर जिवावर बेतू शकतं, हेही ते म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघत होते. त्या दिवसापासून मी खरोखर घाबरलो होतो. साधा ठसका लागला तरी दोन्ही हातांनी पोट धरायचो.

सुनंदा घाबरत नाही, कामाला लागते. आयात खुली झाल्यापासून पुण्याच्या दुकानांत नाही नाही त्या वस्तू यायला लागल्या होत्या. त्यातलाच एक न्हाणीत ठेवायचा तैवानी काटा ती घेऊन आली. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यावर उभा राहायचो आणि ती चष्मा लावून, खाली वाकून आकडा वाचायची. आकडा उतरला तर चहात दूध, चढला तर कोरा चहा. तूप घरातून हद्दपार झालं. भात दिसेनासा झाला. असे दिवस काढत मी शहाऐंशीवर आलो, आता एकच किलो राहिला, आणि नेमकं तेव्हाच सासुरवाडीचं बोलावणं आलं.

त्या वर्षी अधिक महिना होता. पुण्यातही तो पाळतात, पण तबकभर अनारशांवर भागवतात. मराठवाड्यात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि तिथे तो जावयाच्या पोटावर साजरा होतो. लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, वर तूप ओतायचं, निघताना अनारशांचं वाण द्यायचं. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्या लग्नानंतर तो दोनदा आला आणि दोन्हीदा मी गेलो नव्हतो. एकदा आमच्याकडे सुतक होतं, एकदा मला रजा मिळाली नाही. या वेळी सासूबाई स्वतः सासऱ्यांच्या दुकानात येऊन फोनवर बोलल्या. त्यांना मी मामी म्हणतो, सासऱ्यांना मामा.

"जावईबापू, या टायमाला न्हाई म्हनू नका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फोन मामांच्या हातात दिला.

सुनंदानं मुलीला माझ्या आईकडे ठेवलं, रेक्झिनच्या पिशवीत कपडे भरले आणि कपड्यांच्या मध्ये काटा ठेवला. "तिकडेही रोज सकाळी," ती म्हणाली.

पाटोदा, मांजरसुंबा

नगर, जामखेड सोडून एस.टी. पाटोद्याला पोहोचली, तेव्हा बाजार उठत होता. गाडीत शेळ्या सोडून सगळं चढलं. दोन पाट्या आणि एक दुधी भोपळा सांभाळत एक धिप्पाड बाई आमच्याजवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि वाटेत ठेवलेल्या माझ्या पिशवीवर ऐसपैस बसल्या.

मी म्हणालो, "बाई, जरा उठता का? त्यात वजन करायचं यंत्र आहे."

"मंग करू द्या की त्याला वजन," त्या म्हणाल्या. "मी कुटं न्हाई म्हनले?"

सगळी गाडी हसली. पुढे घाटातल्या प्रत्येक वळणावर पिशवीतून कुरकुर ऐकू यायची आणि सुनंदा डोळे मिटून घ्यायची. बाई स्वभावानं फार चांगल्या होत्या. उतरताना त्यांनी आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या आणि "पिशवी लई टनक हाय तुमची" असं सांगून गेल्या.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. तुम्ही कधी या वाटेनं गेला नसाल तर सांगून ठेवतो, इथे रबडी मिळते. मोठ्या कढईत दूध आटत असतं, आणि कडेला साय जमत जाते ती माणूस सारखी आत ढकलत असतो. मी खाली उतरलो ते नुसतं बघायला. सुनंदा माझ्यामागून उतरली आणि तिनं दोन वाट्या सांगितल्या.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"इथून माहेर लागतं," ती म्हणाली. पुण्यात फौजदारासारखी वागणारी ही बाई मांजरसुंब्याच्या हवेत एकदम माहेरवाशीण होऊन गेली. मी अर्धी वाटी खाल्ली. उरलेली अर्धी तिनं खाल्ली. मग मी अजून एक मागवली.

दिंद्रुड: लाभ

बीडहून परळीच्या रस्त्यानं गेलं की वडवणी, तेलगाव आणि मग दिंद्रुड. गाव मोठं, बाजार मोठा. रस्त्याला लागून मामांचं आडतीचं दुकान आणि दुकानाच्या मागेच घर. शेतकरी ज्वारी, तूर, कापूस घेऊन येतात, मामा तोलून घेतात आणि पुढे मोठ्या व्यापाऱ्याकडे पाठवतात. घरात सगळे महादेवाचे भक्त. मामांच्या गळ्यात लिंग, कपाळभर भस्म, आणि पहाटेची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानं ओट्यावर काटा मांडला. त्यावर कुणी उभं राहायच्या आधीच तो ब्याण्णव किलो दाखवत होता. पाटोद्याच्या बाई उतरून गेल्या, पण आपलं वजन ठेवून गेल्या होत्या. सुनंदानं काटा हलवला, आपटला, उन्हात ठेवला. काटा आपल्या मतावर ठाम होता.

मामा पूजा आटोपून बाहेर आले. "ह्यो काय खेळ हाय?"

मग मी त्यांना डॉक्टर, हर्निया, पंच्याऐंशी, महिनाअखेर, सगळं सांगितलं. मामींना उगाच घोर नको म्हणून ऑपरेशनचं त्यांच्या कानावर घालू नका, असंही सांगितलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ऑपरेशनची काळजी वाटली, पण त्याहून स्प्रिंगचा राग आला.

"स्प्रिंगवर मानूस तोलतेत का? स्प्रिंग थकती, पावनं. आपला काटा काय मेलाय का? चला दुकानात."

मामांच्या काट्याबद्दल जरा सांगायला हवं. हिरव्या रंगाचा, खाली फळी, मागे खांब आणि खांबावर आडवी दांडी असलेला तो मोठा काटा म्हणजे गावातलं शेवटचं न्यायालय. दुसऱ्या कुठल्या दुकानात तोलावरून भांडण लागलं की पोतं मामांच्या काट्यावर यायचं आणि तिथे जो आकडा निघेल तो दोघं मुकाट्यानं मान्य करायचे. दुकानात देवाची तसबीर समोरच्या भिंतीवर. काट्यावर चढणाऱ्यानं देवाकडे तोंड करायचं, असा मामांचा नियम. त्यामुळे दांडी आपल्या पाठीमागे राहते आणि आकडा वाचतो तो तोलणारा.

मी फळीवर चढलो. रशीदभाई नावाचे मापाडी, म्हणजे तोलाई करणारे, कित्येक वर्षं मामांकडे होते. ते सवयीनं ओरडले, "लाभ!" मोजताना पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या वजनाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लाभ म्हटलं होतं.

मामांनी दांडीवरचं वजन सरकवलं. "सत्याऐंशी. कडता एक किलो. शहाऐंशी भरले."

"कडता म्हणजे?"

"पोत्यामागं धरावा लागतो," मामा म्हणाले. "बारदानाचं वजन, माती, ओल, असं समदं वजा करायचं. तुमचे कपडे अन् ह्यो पट्टा. त्याचा एक किलो."

मला हे फार आवडलं. पुण्याच्या डॉक्टरांना एवढं सुचलं नव्हतं.

दुपारी मामींनी पहिलं ताट वाढलं. पुरणपोळी, येसरची आमटी, कुरडई, भजी आणि पोळीवर तुपाची धार. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इकडे लग्नाकार्यात असते आणि तिचा वास दोन घरं पलीकडे जातो. मी एक पोळी खाल्ली. दुसरी वाढली, तिचा एक घास मोडला, शहाऐंशी आठवलं आणि उरलेली पोळी तशीच ठेवून मी उठलो.

मामी ताट उचलून आत गेल्या. सुनंदानं दोन पोळ्या चापल्या होत्या, ती म्हणाली, "शाब्बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दांडी सरकवली, थोडा वेळ लावला, घसा खाकरला आणि म्हणाले, "साडेपंच्याऐंशी."

मी उडीच मारणार होतो, पण हर्निया आठवला. अर्धा किलो! पुरणपोळी खाऊन! सकाळच्या न्याहारीला सुशीला होती. हे नाव ऐकून दचकू नका. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, दाण्याचा कूट घालून करतात, ती सुशीला. मी दोन बशा खाल्ल्या. दुपारी भज्यांची आमटी आणि भाकरी, चटणीत खड्डा करून तेल. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "सव्वापंच्याऐंशी."

आता मला यामागचं शास्त्र कळायला लागलं. मी सुनंदाला समजावून सांगितलं, की ज्वारीची भाकरी आपल्या अंगची चरबी जाळते. इथलं विहिरीचं पाणी हलकं आहे. पुण्यात आपण काळजी करत खातो, आणि काळजीचं खाणं अंगावर चढतं. इथे मी हसत खातो म्हणून उतरतं. सुनंदालाही पटलं. ती आठ वाजेपर्यंत झोपायची, उठून आईच्या हातचे धपाटे दह्यात बुडवून खायची आणि म्हणायची, "पुण्याचं पाणीच जड हो."

मी चार घास जास्त मागितले की मामी आत जाताना पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, हसतात. शेजारणी जावई बघायला आल्या की त्या मोठ्यानं सांगायच्या, "आमच्या पावन्याला वाढायला लाजावं लागत न्हाई. चांगलं खातेत."

मामा मात्र रोज काट्यापाशी गंभीर असायचे. एवढं वजन उतरतंय तर त्यांनी खूश व्हायला हवं, असं मला वाटायचं. आकडा सांगून झाला की ते तसबिरीकडे न बघता सरळ गादीवर जाऊन बसायचे आणि रशीदभाईंवर विनाकारण डाफरायचे.

कपिलधार

मामींची एकच इच्छा होती, सगळ्यांनी मिळून कपिलधारला जायचं. बीडला गाडी बदलायची होती. स्टँडवर रंगीत दिवे लागणारं एक वजनाचं मशीन होतं. मला आता आपलं वजन कुणालाही दाखवावंसं वाटत होतं. मी चढलो, नाणं टाकलं, चाक गरगरलं आणि जाड कागदाचं तिकीट बाहेर पडलं. एकोणनव्वद.

"मामा, हे बघा."

मामांनी तिकिटाकडे पाहिलंही नाही. "स्टँडचं मशीन. त्याला ना शिक्का, ना तपासणी. गाडी लागली, चला चला." आणि गाडी लागलेली नसताना ते भराभर चालायला लागले.

मामींनी विचारलं, "काय लिवलंय त्याच्यावर?"

मी तिकिटाची मागची बाजू वाचली. "थोरामोठ्यांचा आधार मिळेल."

"मंग बरोबर हाय की मशीन," मामी म्हणाल्या.

मी तिकीट टाकून दिलं. काटा मामांचा आणि मशीन स्टँडचं, यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

कपिलधार डोंगराच्या कुशीत आहे. दरीत उतरलं की हवा बदलते, सीताफळीची झाडं दाट होतात आणि कड्यावरून पाणी पडताना ऐकू येतं. आम्ही गेलो तेव्हा धार अजून बारीक होती, पण पोरंठोरं तिच्याखाली उभी राहून आरडाओरडा करत होती. समाधीचं दर्शन घेतलं आणि झाडाखाली फडकं सोडलं. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाचा ठेचा, दाण्याची चटणी, घट्ट दही. मामा आणि सुनंदा धारेकडे गेले आणि मी मामींपाशी बसून चौथी दशमी खाऊ लागलो.

मामी धारेकडे बघत म्हणाल्या, "दोन्ही धोंड्याला मी अनारसे केलते, बापू. तुमी येनार म्हनून पीठ भिजू घातलं, गूळ घातला, तळले. मंग तुमचं येनं झालं न्हाई. गल्लीत समद्यांचे जावई येऊन गेलते. मी ते अनारसे त्यांच्यातच वाटले."

मी दशमीचा तुकडा नुसताच मोडत राहिलो.

"आमाला एकच लेक," त्या म्हणाल्या. "पुढला धोंड्याचा महिना तीन वर्सांनी. कोन ऱ्हातंय, कोन न्हाई." आणि मग एकदम माझ्या हाताकडे बघून, "दही घ्या की. कावून कोरडंच खाताय?"

मी दही घेतलं. सुतक होतं ते खरं. पण रजेचं म्हणाल, तर मी साहेबांकडे एकदाच मागितली होती आणि नाही म्हटल्यावर परत मागितली नव्हती. इकडे कुणाच्या तरी घरात अनारसे तळून ठेवलेले असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

धोंडे

धोंड्याच्या दिवशी मी लवकर उठलो. घरात आधीच पुरण शिजत होतं. मामांची पूजा चालू होती, म्हणून मी एकटाच दुकानात गेलो. रशीदभाई झाडू मारत होते.

"रशीदभाई, तेवढं वजन बघा ना."

"शेठ येऊ द्या ना, साब."

"बघा हो. आज कालपेक्षा कमी असेल." मी फळीवर चढून देवाकडे तोंड केलं.

रशीदभाईंनी दांडी सरकवली. "साडेअठ्ठ्याऐंशी."

मला वाटलं, माझे कान गेले. "किती?"

"साडेअठ्ठ्याऐंशी. कडता शेठ धरतेत ना. पयल्या दिशी एक धरला. मंग दोन. काल साडेतीन." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "मी म्हनलं बी, शेठ, मालात ओल लई हाय का? तर माझ्यावरच खेकसले."

मी फळीवरून खाली उतरलो. आठवडाभर मी हसत हसत जे खाल्लं होतं ते सगळं एकदम पोटात जाणवायला लागलं. डॉक्टरांची तारीख तोंडावर आली होती. मागे वळलो तर मामा दारात उभे होते, कपाळावर ओलं भस्म, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मामा, हे काय केलंत तुम्ही?"

रशीदभाई झाडू घेऊन बाहेर सटकले. मामा गादीवर बसले. उपरण्यानं तोंड पुसलं, भस्म पुसलं गेलं तेही त्यांना कळलं नाही.

"पयल्या दिशी तुमी पोळी ताटात ठिवून उठलात," ते म्हणाले. "ती आत गेली. मला वाटलं, ताट ठिवायला गेली. बघतो तर चुलीपाशी बसून रडत होती. म्हने, माझ्या हाताला चव ऱ्हायली न्हाई. आता तिला मी काय सांगू? तुमीच म्हनलात, ऑपरेशनचं बोलू नका."

"पण मामा, माझ्या जिवाशी..."

"म्हाईत हाय मला. रोज वाटायचं, आज खरं सांगावं. मंग वाटायचं, आजचा दिस जेवू द्यावं. पुण्याला जाऊन चालतील, उतरंल." त्यांनी काट्याकडे पाहिलं. "या काट्यावर मी परक्याला कधी मूठभर कमी दिलं न्हाई, पावनं. घरच्या मानसाला साडेतीन किलो कमी दिलं."

मला खूप राग आला होता. पण ज्याच्या शब्दावर अख्खा बाजार भांडणं मिटवतो, तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि मला रागावता येईना.

"माल पुढं तोलल्यावर फरक निगाला, तर आडत्यानं तो भरून द्यायचा असतो," मामा म्हणाले. "ते मी भरून दीन."

हे कसं भरून देणार, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात आतून मामींची हाक आली. त्या मधल्या दारात उभ्या होत्या, हातभर पुरण. "अवो, किती भरले आज पावनं?"

आयुष्यभर आकडे ओरडणाऱ्या माणसाला आकडा सांगता येईना.

मीच ओरडलो. "पंच्याऐंशी, मामी! बरोब्बर पंच्याऐंशी!"

"मंग बसा पाटावर," मामी म्हणाल्या.

मी पाटावर बसलो. पाटाभोवती रांगोळी, शेजारी सुनंदा नव्या लुगड्यात. मामींनी आमचे पाय धुतले, मला कानकोंडं झालं, पण इकडे जावयाचे पाय या महिन्यात धुतातच. मग ताट आलं. धोंडे म्हणजे कणकेच्या गोळ्यात पुरण भरून वाफवलेले, लिंबाएवढे नव्हे, चांगले पेरूएवढे. फोडायचे, मध्ये खड्डा करायचा आणि मामी तुपाची धार धरणार. आपण "पुरे" म्हणायचं. मी म्हणालो नाही. सकाळी ऐकलेला आकडा डोक्यात होता, पोटावर पट्टा होता, आतून भीतीही वाटत होती. तरी मी खाल्लं, आणि खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यातला सगळ्यात गोड घास तोच होता. मामी समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होत्या. मागच्या दोन धोंड्याच्या महिन्यांचं राहिलेलं त्यांनी त्या दिवशी वाढून घेतलं.

मामा शेजारच्या पाटावर होते. त्यांनी एकाही धोंड्याला हात लावला नाही.

पुन्हा पुणे

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुम्ही गेला होतात कुठे?"

मी म्हणालो, "बीड जिल्ह्यात."

त्यांनी तारीख रद्द केली. एका महिन्यानं या, तोवर पट्टा सोडू नका, असं म्हणाले, आणि या वेळी ते सुनंदाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. सुनंदाला मी घरी आल्यावर सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी आणि आठ दिवस वडिलांशी बोलली नाही.

मी दुकानात फोन केला. मामांना सांगितलं, अठ्ठ्याऐंशीच्या वर भरलं, ऑपरेशन पुढे गेलं. मग मामांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. ते कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "बरोबर भरलं म्हनतेत! डॉक्टरच रजेवर गेलाय, म्हनून ऑपरेशन पुढं ढकललं!" म्हणजे मामींना ऑपरेशनचं कळलं होतं, आणि त्या तिथेच उभ्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी दार वाजलं. मामा उभे होते. हातात एक धोतरजोडी आणि पूजेची पिशवी. ना शेंगा, ना चटणी, ना तुपाचा डबा. मराठवाड्यातून माणूस रिकाम्या हातानं आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"पावन्याजवळ मानूस पायजे, असं तिला सांगून आलो," ते म्हणाले. "चला, चप्पल घाला."

"कुठे?"

"तो डोंगर कुटं हाय तुमच्याकडं? पर्वती?"

महिनाभर ते माझ्याकडे राहिले. पहाटे पूजा, मग पर्वती. ते धोतर खोचून माझ्या दोन पायऱ्या पुढे चढायचे आणि मी थांबलो की थांबायचे. माझ्या ताटात एक भाकरी तर त्यांच्याही ताटात एकच. मी शेपूची भाजी बघून तोंड वाकडं केलं की ते आधी एक घास खाऊन दाखवायचे, आणि त्यांचंही तोंड वाकडं व्हायचं. सुनंदा त्यांना म्हणाली, "अण्णा, तुम्ही कशाला उपाशी राहताय?" तर म्हणाले, "घट माझ्या काट्याची हाय." मंडईत गेलो की प्रत्येक भाजीवालीच्या तराजूची दांडी ते डोळे बारीक करून बघायचे. एका केळीवाल्याशी त्यांचं इतकं जुंपलं, की मला मध्ये पडावं लागलं, पोट धरून.

तैवानी काटा सुनंदानं दुरुस्त करून आणला होता, पण मामांनी तो माळ्यावर टाकायला लावला. त्यामुळे डॉक्टरांकडे जाईपर्यंत आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत मामा माझ्यासोबत आत आले. मी काट्यावर चढायच्या आधी ते वाकून काटा मागूनपुढून बघायला लागले.

"काय बघताय, आजोबा?"

"याच्यावर शिक्का कधीचा हाय, साहेब?"

डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या काट्याचा शिक्का शोधला. तो सापडला, मामांनी तो वाचला, मान डोलावली आणि मला चढायची खूण केली. मी सवयीनं भिंतीकडे, तिथल्या देवाच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "चौऱ्याऐंशी आणि वर थोडं. सोमवारी या. करून टाकू."

मामांनी स्वतः पुढे होऊन आकडा वाचला. मग बाहेर बाकावर जाऊन बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मीही रडलो, नाही म्हणण्यात अर्थ नाही.

दवाखान्यासमोरच एस.टी.डी. बूथ होता. मामांनी दुकानाचा नंबर लावला आणि रशीदभाईंना मामींना बोलवायला पाठवलं. फोनवर ते फार मोठ्यानं बोलतात आणि पलीकडचंही मोठ्यानं यावं म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरतात, त्यामुळे काचेच्या त्या खोक्यात मला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर आले बघ रजेवरून," मामा ओरडले. "सोमवारी ऑपरेशन हाय."

पलीकडून मामी म्हणाल्या, "या टायमाला खरं भरलं का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि बूथच्या भिंतीकडे तोंड केलं.

"खरं भरलं," ते हळू म्हणाले.

"मंग जेवा आता दोघं बी," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.